आर्द्रा लागून चार दिवस झाले

जूनचा शेवटचा आठवडा. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एखाद्या वाडीत, शाळेची पायरी कधीच न चढलेल्या आजींना विचारा, ‘आज तारीख किती?’ बहुधा आजी हसतील आणि नातवाकडे बोट दाखवतील. आता प्रश्न बदला. ‘आजी, पावसाचं नक्षत्र कोणतं चालू आहे?’ उत्तर तयार असेल: ‘आर्द्रा लागून चार दिवस झाले.’ पाठोपाठ यंदाचं वाहन कोणतं, मृग कसा गेला, राबातली रोपं किती वर आली, हेही न विचारता कळेल.

आर्द्रा नक्षत्र दरवर्षी २१-२२ जूनच्या सुमारास लागतं. पावसाचं एक नक्षत्र साधारण साडेतेरा दिवसांचं. म्हणजे ‘चार दिवस झाले’ या उत्तरात २५-२६ जून ही तारीख आहेच. काळाचं भान पक्कं आहे. तरीही जगात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या स्मृतिचाचणीत ‘तारीख किती?’ या प्रश्नाला याच आजींना शून्य गुण मिळतील.

हा शून्य आजींचा, की प्रश्नाचा? वाटतो तितका हा प्रश्न साधा नाही. त्याचं उत्तर शोधताना बल्लभगढ, शांघाय, इबादान अशा एकमेकांपासून दूरच्या ठिकाणच्या संशोधकांना मेंदूबद्दल जे कळत गेलं, ते वाचताना मी थक्क होऊन गेलो.

तीस गुणांची परीक्षा

१९७५ साली अमेरिकेत मार्शल फोल्स्टीन, सुझन फोल्स्टीन आणि पॉल मॅक्ह्यू यांनी एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली: मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन. यंत्र नको, रक्त नको. दहा मिनिटं, एक कागद, एक पेन्सिल आणि ३० गुण. आज वर्ष कोणतं, ऋतू कोणता, आपण कोणत्या मजल्यावर आहोत? तीन शब्द ऐका आणि थोड्या वेळाने पुन्हा सांगा. शंभरातून सात वजा करत जा. कागदावर लिहिलेली सूचना वाचा आणि तसं करा. एक वाक्य लिहा. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन पाहून काढा. साधारण चोवीसच्या खाली गुण आले तर डॉक्टर सावध होतात.

यातला प्रत्येक प्रश्न मेंदूच्या वेगळ्या कामावर बोट ठेवतो. तीन शब्द थोड्या वेळाने आठवणं हे कानशिलाच्या आतल्या बाजूला असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाचं काम. अल्झायमरमध्ये सुरुवातीलाच झिजतो तो हा परिसर. वजाबाक्या करत राहणं म्हणजे लक्ष टिकवणं. पंचकोन काढणं म्हणजे डोळ्यांना दिसलेलं हाताने मांडणं. दहा मिनिटांत मेंदूच्या इतक्या खोल्यांचं दार ठोठावणारी दुसरी इतकी स्वस्त युक्ती मला तरी माहीत नाही.

पण या परीक्षेला एक अट आहे, आणि ती कागदावर कुठेच लिहिलेली नाही: परीक्षा देणारा माणूस शाळेत गेलेला असला पाहिजे. ज्यांनी पेन्सिल कधी हातात धरली नाही, त्यांच्याकडून पंचकोन, लेखी सूचना, वाक्य आणि वजाबाकी यांचे गुण आपोआप जातात. घर कौलारू आणि एकमजली असेल तर ‘कोणता मजला?’ या प्रश्नाला अर्थच राहत नाही. मेंदू ठणठणीत असलेला माणूसही मग ‘संशयित’ ठरतो.

शाळा मेंदूत काय करते

एखाद्याला वाटेल, शाळेमुळे माहिती वाढते, एवढाच फरक असेल. तसं नाही. लखनौजवळच्या खेड्यांत लिहिता-वाचता न येणाऱ्या प्रौढांना, मुख्यतः तिशीतल्या स्त्रियांना, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवण्यात आलं. आधी आणि नंतर त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. २०१७ साली मायकेल स्काइडे, फाल्क ह्युएटिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. बदल मेंदूच्या वरच्या थरापुरते नव्हते. थॅलॅमस आणि मेंदूचा देठ या उत्क्रांतीच्या दृष्टीने फार जुन्या भागांचा दृष्टिकेंद्रांशी असलेला मेळही वाढला होता. अ-आ-इ-ई गिरवल्याने मेंदूच्या तळघरापर्यंत फरक पडतो, आणि तोही तिशी उलटल्यावर!

पोर्तुगालमधले प्रयोग त्याहून बारीक आहेत. १९७९ साली जोझे मोराइस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की वाचता न येणाऱ्या माणसांना शब्दाचा पहिला ध्वनी काढून उरलेला शब्द सांगणं फार जड जातं, मग बोलण्यात ती कितीही तरबेज असोत. शब्दाचे असे तुकडे करणं आपल्याला नैसर्गिक वाटतं. प्रत्यक्षात ती अक्षरांची देणगी आहे. म्हणजे ‘प’पासून सुरू होणारे शब्द सांगा, हा चाचण्यांमधला लाडका प्रश्न निरक्षर माणसाची स्मृती तपासतच नाही. तो त्याची बाराखडी तपासतो. अलेक्झांड्रा रीस आणि सहकाऱ्यांना आणखी एक गोष्ट आढळली. रेघांनी काढलेल्या चित्रातली वस्तू ओळखायला निरक्षर माणसं अडखळतात, पण तीच वस्तू समोर ठेवली तर साक्षरांच्या बरोबरीने ओळखतात. ‘प्राण्यांची नावं सांगा’ म्हटलं की मागे पडणारी माणसं ‘बाजारात काय काय मिळतं ते सांगा’ म्हटलं की मागे राहत नाहीत.

याच्याही आधी, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, अलेक्झांडर लुरिया हे रशियन मानसशास्त्रज्ञ उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेले होते. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांत वेगळं काय, असं त्यांनी शेतकऱ्यांना विचारलं. शिकलेला माणूस ओंडका बाजूला काढतो, कारण बाकीची तीन हत्यारं. शेतकऱ्यांचं म्हणणं पडलं, की चारही एकत्रच हवीत. ओंडका नसेल तर करवतीने कापायचं काय? हे उत्तर चुकीचं म्हणण्याची माझी हिंमत नाही. राबासाठी झाडाच्या फांद्या तोडणाऱ्या अकोल्यातल्या कुठल्याही माणसाला ते लगेच पटेल.

बल्लभगढने काय केलं

भारतात या प्रश्नाला पहिल्यांदा मनापासून भिडलं ते हरियाणातल्या बल्लभगढमध्ये. दिल्लीच्या एम्सचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प तिथे होता. भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासासाठी मेरी गांगुली, विजय चंद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथल्या म्हाताऱ्या माणसांमधलं डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, प्रमाण मोजायचं होतं. तिथल्या पंचावन्न वर्षांवरील माणसांपैकी जवळपास तीन चतुर्थांश निरक्षर होती. इंग्रजी चाचणीचं नुसतं हिंदी करून भागणार नव्हतं. त्यांनी एकेक प्रश्न सोलला, आत मेंदूचं कोणतं काम दडलंय ते पाहिलं, आणि त्या कामावर गावातलं नवं साल चढवलं. १९९५ साली हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन प्रसिद्ध झाली.

सफरचंद, टेबल, पेनी या तीन शब्दांच्या जागी आंबा, खुर्ची, नाणं आलं. इंग्रजी शब्दाची अक्षरं उलटी सांगण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे: रविवारपासून मागे. वारांचा क्रम सगळ्यांच्या जिभेवर असतो, पण उलटं जाताना सवय कामी येत नाही. क्षणोक्षणी लक्ष द्यावं लागतं. शंभरातून सात वजा करण्याऐवजी विसातून तीन. ‘डोळे मिटा’ ही लेखी सूचना गेली आणि परीक्षक म्हणू लागला, ‘माझ्याकडे पाहा, मी करतो तसं करा,’ आणि स्वतः डोळे मिटू लागला. वाक्य लिहिण्याऐवजी ‘तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा’. मजल्याऐवजी गाव कोणतं, पोस्ट कोणतं, जिल्हा कोणता.

मोजमापाचा नियम इथे स्पष्ट दिसतो. पायली वापरा की किलो, धान्य तेवढंच भरलं पाहिजे. नवा प्रश्न निरोगी मेंदूला जुन्याइतकाच सोपा आणि आजारी मेंदूला जुन्याइतकाच अवघड हवा. नुसता सोपा प्रश्न केला तर आजारीही पास होतात. अवघड केला तर निरोगीही नापास होतात. म्हणून प्रत्येक बदल आधी गावात करून पाहायचा, अडलं तर मोडायचा आणि पुन्हा जुळवायचा. या साधनांनी ५,१२६ जणांची पाहणी झाली. १९९८ साली आलेल्या निष्कर्षात पासष्टीच्या वरच्या लोकांमध्ये अल्झायमरचं प्रमाण अवघं १.०७ टक्के निघालं. हा आकडा इतका कमी का, यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. पण प्रश्नच शाळकरी असते तर तो आकडा कुठल्या कुठे गेला असता आणि गावच्या गाव आजारी ठरलं असतं.

शांघायचे सिंह

हीच अडचण चीनमध्ये वेगळ्या रूपात उभी राहिली. चिनी लिपीत मुळाक्षरं नाहीत, त्यामुळे स्पेलिंग उलटं सांगणं आणि अमुक अक्षराचे शब्द सांगणं हे दोन्ही प्रश्न बाद. मूळ चाचणीत लहान-लहान अव्ययांची एक वेडीवाकडी इंग्रजी ओळ जशीच्या तशी म्हणायला लावतात. अर्थाचा आधार नसला की वाचा बिघडलेल्या माणसाला ती म्हणता येत नाही, हे त्यातलं मर्म. बल्लभगढने तिथे ‘हे नाही नि ते नाही’ अशा वळणाची छोटी ओळ ठेवली. चिनी चाचणीत चव्वेचाळीस दगडी सिंहांचा उच्चार करायला सांगतात. त्या भाषेत ‘स’ आणि ‘श’ इतक्या दाटीने येतात की जीभ घसरतेच.

शांघायमधल्या कामाची मला जास्त भावलेली गोष्ट वेगळी आहे. रॉबर्ट कॅट्झमन, झांग मिंगयुआन आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे पाच हजारांहून अधिक वृद्धांची पाहणी केली आणि पास-नापासची रेघच तीन ठिकाणी मारली. शाळेत न गेलेल्यांसाठी १७ पर्यंतचे गुण धोक्याचे, प्राथमिक शिकलेल्यांसाठी २० पर्यंतचे आणि त्याहून जास्त शिकलेल्यांसाठी २४ पर्यंतचे. अठरा गुणांचा अर्थ माणसागणिक बदलतो. निवृत्त शिक्षकाला अठरा मिळाले तर घरच्यांनी धावपळ करायला हवी. शाळा न पाहिलेल्या आजींना अठरा मिळाले तर निश्चिंत राहायला हरकत नाही.

पाठ असलेलं आणि नव्याने आठवलेलं

मग अकोल्यासाठी चाचणी करायची तर सोपं आहे, असं वाटेल. आजींना येतं तेच विचारा: जात्यावरच्या ओव्या, हरिपाठ, लग्नातली गाणी. इथेच मोठी फसगत आहे.

महाराष्ट्रातल्या बायांच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या. त्यांची संख्या लाखावर आहे. एकेका बाईच्या मुखात शेकडो. या ओव्या मेंदूत ज्या रस्त्याने गेल्या, तो रस्ता साठ-सत्तर वर्षं रोज पहाटे तुडवलेला असतो. अल्झायमर तिथे फार उशिरा पोचतो. म्हणून डिमेन्शिया झालेली आजी ओव्यांमागून ओव्या म्हणते आणि जेवून हात धुतल्यावर पाचच मिनिटांत ‘मला जेवायला कोणी दिलंच नाही’ असंही म्हणते. घरच्यांना वाटतं, मुद्दाम करते. तिच्या परीने ती खरंच बोलत असते. जुनं कोरलेलं शाबूत आहे. नवं कोरणारी छिन्नी बोथट झाली आहे.

म्हणून चांगल्या चाचणीला वस्तू ओळखीच्या लागतात, पण त्यांची जुळणी अनोळखी. आंबा ओळखीचा, खुर्ची ओळखीची, नाणं ओळखीचं. ही तीन एकाच दमात यापूर्वी कोणी ऐकलेली नसतात. लहानपणापासून घोकलेली जीभवळण म्हणूनच चाचणीत चालत नाही. ती सवयीने बाहेर पडते.

पॉला फुल्ड यांनी केलेली चाचणी याच तत्त्वावर आहे आणि ती मला फार सुंदर वाटते. पिशवीत दहा रोजच्या वस्तू. न बघता हात घालायचा, चाचपून नाव सांगायचं, मग काढून बघायची. थोड्या वेळाने विचारायचं, पिशवीत काय काय होतं? कागद नाही, अक्षर नाही. नजर अधू असली तरी हात ओळखतो. नायजेरियातल्या इबादानमध्ये ओलुसेगुन बैयेवू आणि सहकाऱ्यांनी २००५ साली पंचकोनांनाही असाच पर्याय मांडला: परीक्षकाने आगकाड्यांची जी रचना केली तीच समोरच्याने काड्यांनी करायची. चूल पेटवणाऱ्या हाताला पेन्सिल परकी वाटेल, आगकाडी वाटत नाही.

अकोल्यातले प्रश्न

आता आपल्या तालुक्याकडे पाहू. प्रवरा आणि मुळेच्या खोऱ्यांचा, कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडाच्या सावलीतला हा मुलूख; महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती मोठी. इथे ‘जिल्हा कोणता?’ हा प्रश्नसुद्धा जपून विचारावा लागेल. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण जुनी माणसं आयुष्यभर ‘नगर’ म्हणत आली. ‘नगर’ हे उत्तर पूर्ण गुणांचं. हे उत्तरपत्रिकेत आधीच लिहून ठेवलं नाही, तर नवखा परीक्षक निष्कारण एक गुण कापेल.

काळाच्या भानासाठी नक्षत्र चालेल का? पावसाळ्यात उत्तम, पंचांग किंवा भिंतीवरची दिनदर्शिका पाहून उत्तर ताडताही येतं. पण जानेवारीत नक्षत्रांकडे कोणाचं फारसं लक्ष नसतं. तेव्हा गेला सण कोणता, पुढचा कोणता, आज बाजाराचा वार आहे का, हे विचारावं लागेल. रोजगारासाठी नारायणगावला जाऊन आलेल्या माणसाचं कॅलेंडर वेगळं, वाडी न सोडलेल्याचं वेगळं. म्हणूनच कोणताही प्रश्न कितीही गोड वाटला तरी तो आधी निरोगी माणसांना, वेगवेगळ्या गावांत, स्त्रियांना आणि पुरुषांना विचारून बघायला लागतो. माझा आर्द्रेचा प्रश्नही त्या कसोटीला उतरेपर्यंत फक्त एक कल्पना आहे.

प्रश्न कसे असावेत हे शिकायचं तर याच तालुक्यात कोंभाळण्याला जावं. राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. देशी वाणांची बियाणं जपल्याबद्दल त्यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. कोणतं बी कधी पेरायचं, कसं साठवायचं, कशाला कीड लागते, ही वर्गवारी कुठल्याही पाठ्यपुस्तकाइतकी काटेकोर आहे. ‘वस्तूंचे गट करा’ या चाचणीत इथल्या बाईसमोर त्रिकोण-चौकोन ठेवण्याऐवजी वाल, घेवडा, भात, नागली ठेवली, तर विचार करण्याची खरी ताकद दिसेल.

घरच्यांना काय विचारायचं

माणसाची परीक्षा घेणं हा एक रस्ता. त्याच्या घरच्यांना विचारणं हा दुसरा. पाश्चात्त्य प्रश्नावल्या विचारतात: फोन लावता येतो का, स्वयंपाक करता येतो का, हिशेबाचे कागद सांभाळता येतात का? ज्या आजोबांनी जन्मात चहा केला नाही, त्यांना स्वयंपाक जमत नाही यावरून काय कळणार? बल्लभगढच्या संशोधकांनी मग वेगळी यादी केली: जेवल्याचं लक्षात राहतं का? गावात वाट चुकते का? दिलेला निरोप पोचवतात का? दिवाळी-होळी लक्षात राहते का? लग्नकार्याच्या बोलण्यात भाग घेतात का? खेड्यातल्या म्हातारपणाचं खरं काम हेच असतं, आणि आजाराची पहिली चिरही तिथेच पडते.

फक्त एक अडसर उरतो. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात लोकांशी बोलून २००१ साली लिहिलं, की डिमेन्शियाची लक्षणं लोक ओळखतात, पण त्याला आजार मानत नाहीत. वयाचा भाग समजतात. आपल्याकडेही ‘साठी बुद्धी नाठी’ म्हटलं की विषय संपतो. त्या एका म्हणीखाली थायरॉइडची कमतरता, ब-१२चा अभाव, नैराश्य, बहिरेपण अशी उपचार होण्याजोगी कारणंही गाडली जातात.

मोजलं तर दिसतं

२०१७ ते २०२० दरम्यान देशात साठीच्या पुढच्या ४,०९६ माणसांची तपशीलवार तपासणी झाली. बल्लभगढची चाचणी तिचा एक भाग होती. २०२३ साली अंदाज आला: साठीच्या पुढे डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त. शाळा जिथे पोचली नाही तिथेच हा आजार अधिक आहे, आणि शाळेबाहेरच्या माणसाला मोजणारी साधनं सर्वांत कमी जोखली गेली आहेत तीही तिथेच.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांसाठी एकत्रित चाचणीसंच उभा केला, तेव्हा प्रत्येक भाषेत त्या भाषेच्या तज्ज्ञांना बसावं लागलं. मराठीत हे काम करायचं तर पुण्या-मुंबईच्या मराठीवर थांबता येणार नाही. राजूर, कोतूळ, समशेरपूरच्या आशाताईंना सोबत घ्यावं लागेल, कारण कोणत्या घरातली आजी हल्ली निरोप विसरते हे त्यांना आधी कळतं. दोनेकशे निरोगी म्हाताऱ्या माणसांना हे प्रश्न विचारून त्यांचे गुण नोंदवले, तरी कामाला सुरुवात होईल. नोंद नसली तर एकीकडे निरोगी आजी निरक्षर म्हणून आजारी ठरेल आणि दुसरीकडे आजारी आजी म्हातारी म्हणून दुर्लक्षित राहील. या दोन्ही चुका टाळता येतात, त्या टाळण्याची रीत जगाला माहीत आहे, आणि ती इथे आणायला अवजड यंत्रं लागत नाहीत. पिशवीभर वस्तू, काडेपेटी, नीट घडवलेले प्रश्न आणि उत्तर येईपर्यंत थांबणारा माणूस, एवढं पुरतं.